खरं उत्तर माहीत नसताना चूक कशी मोजायची?

बारावीपर्यंत इंटिग्रेशन शिकलेल्या मुलांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते. प्रत्येक गणिताला सूत्र आहे, ते आठवलं की उत्तर आलंच. पुस्तकातली उदाहरणं तशीच निवडलेली असतात, म्हणून ही समजूत टिकून राहते. पण घंटेच्या आकाराचा तो प्रसिद्ध वक्र घ्या, ई चा घात उणे क्ष-वर्ग. ० ते १ मध्ये त्याच्याखालचं क्षेत्रफळ ठरलेलं आहे, ०.७४६८ च्या आसपास. तरीही घात, मुळं, लॉग, साइन, कोसाइन ही आपली नेहमीची मंडळी कशीही जुळवली तरी त्याचं इंटिग्रेशन सूत्रात लिहिता येत नाही. कुणाला अजून जमलेलं नाही, असा हा प्रकार नाही. ते अशक्यच आहे, आणि अशा गोष्टी अशक्य असल्याचं सिद्ध करण्याची वाट जोसेफ लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात दाखवली.

मग अशा वेळी क्षेत्रफळाच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीचं सोपं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. याला न्यूमेरिकल इंटिग्रेशन म्हणतात. कल्पना फार जुनी आहे. गुरू ग्रह ठराविक दिवसांत आकाशात किती सरकतो हे बॅबिलोनियातले ज्योतिषी इसवी सनापूर्वीच समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढून शोधत होते. त्यांच्या मातीच्या विटांवरच्या हिशेबाचा हा अर्थ २०१६ मध्ये उलगडला.

मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवते. मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वहीत इंग्रजी अशी तीन भाषांत वावरणारी. हा धडा त्यांच्याकडे कसा येतो ते वर्षानुवर्षं बघते आहे. तो सत्राच्या शेवटी येतो. ट्रॅपेझॉइडल रूलचं सूत्र, सिम्पसनच्या नियमाचं सूत्र, एक तक्ता, कॅल्क्युलेटर, आणि सहा दशांशस्थळांपर्यंत उत्तर. त्या सहा आकड्यांतले खरे किती, हा प्रश्न वहीत कुठेच नसतो. त्रुटीचं सूत्र असतं, पण ते वेगळ्या पानावर, त्यातला तो १२ आणि १८० कुठून आला याचा पत्ता नसलेलं. मला हे मनापासून खटकतं, कारण या धड्याचा जीव त्या त्रुटीतच आहे. बेरीज काय, मशीनही करतं. आपण किती चुकलो हे सांगता येणं ही खरी विद्या आहे, आणि ती पहिल्या तासापासून शिकवता येते.

त्यासाठी मी उदाहरण असं घेते की ज्याचं उत्तर ठाऊक आहे: १ भागिले क्ष, १ पासून २ पर्यंत. उत्तर २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ०.६९३१४७.

आधी चार पट्ट्या करू. प्रत्येकीची रुंदी ०.२५. पट्टीची उंची डाव्या कडेची धरली तर बेरीज येते ०.७५९५२४, उजव्या कडेची धरली तर ०.६३४५२४. वक्र सतत उतरता आहे, म्हणून डावी उंची नेहमी जास्तीची आणि उजवी नेहमी कमी. खरं उत्तर या दोघांच्या मधे अडकलेलं आहे. दोघांत अंतर किती? बरोबर ०.१२५. हा आकडा आपोआप येतो: डाव्या आणि उजव्या पट्ट्यांमधले फरकाचे छोटे चौकोन एकाखाली एक सरकवून एका उभ्या खांबात रचले, तर खांबाची उंची होते वक्राची एकूण उतरण, म्हणजे १ वजा ०.५, आणि रुंदी एका पट्टीची. ०.५ गुणिले ०.२५. पट्ट्या शंभर केल्या तर अंतर ०.००५. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की उत्तर न कळताही चुकीला कुंपण घालता येतं. मी इथे बराच वेळ थांबते. फळ्यावर ते चौकोन खरोखर सरकवून दाखवते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर चालतं.

आता डावी आणि उजवी यांची सरासरी घेतली की प्रत्येक पट्टीचा माथा तिरका होतो आणि आपल्याला समलंब चौकोन मिळतात. हाच ट्रॅपेझॉइडल रूल. पट्ट्या दुप्पट करत गेलो तर असं दिसतं:

१ पट्टी: ०.७५००००, त्रुटी ०.०५६८५३
२ पट्ट्या: ०.७०८३३३, त्रुटी ०.०१५१८६
४ पट्ट्या: ०.६९७०२४, त्रुटी ०.००३८७७
८ पट्ट्या: ०.६९४१२२, त्रुटी ०.०००९७५

इथे मी काही बोलत नाही, मुलांनाच त्रुटी एकमेकींनी भागायला लावते. ३.७४, ३.९२, ३.९८. पट्ट्या दुप्पट, त्रुटी चौथाई. त्रुटी म्हणजे वाट्टेल तसा सांडलेला कचरा नव्हे, तिला शिस्त आहे, हे त्या तीन भागाकारांतून जितकं समजतं तितकं कुठल्याही सूत्रातून समजत नाही.

ही चौथाई येते कुठून? एकच पट्टी जवळून बघू. १ ते २ ची ती पहिली, रुंद पट्टी. दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधली तर मधोमध, म्हणजे क्ष १.५ असताना, दोरी ०.७५ वर आहे आणि वक्र २/३ वर, म्हणजे ०.६६६७. दोरीच्या खाली वक्राचा झोळ पडला आहे, आणि मध्यावर झोळाची खोली ०.०८३३. आपली त्रुटी म्हणजे दोरी आणि वक्र यांच्यामधली ही फट.

वक्राचा छोटा तुकडा पॅराबोलासारखाच दिसतो, आणि पॅराबोलाच्या अशा फटीचं क्षेत्रफळ आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी काढून ठेवलं आहे: रुंदी गुणिले मधली खोली, याच्या दोन तृतीयांश. आपल्या पट्टीची रुंदी १, खोली ०.०८३३, म्हणून फट साधारण ०.०५५६. खरी त्रुटी वर दिलेली आहे, ०.०५६८५३. एवढ्या रुंद पट्टीलासुद्धा अंदाज किती जवळ आला बघा.

झोळाची खोली कशावर ठरते? पट्टीच्या रुंदीच्या वर्गावर आणि वक्र किती वेगाने वळतोय, म्हणजे त्याच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवर. नेमकं सांगायचं तर रुंदीचा वर्ग गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह, भागिले ८. याला रुंदीने आणि २/३ ने गुणा. रुंदीचा घन गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह, भागिले १२. पुस्तकातल्या सूत्रातला गूढ १२ तो हाच: झोळाचे ८ आणि आर्किमिडीजचे दोन तृतीयांश. रुंदी निम्मी केली की एका पट्टीची त्रुटी आठवा हिस्सा होते, पण पट्ट्या दुप्पट झालेल्या असतात, म्हणून एकूण त्रुटी चौथा हिस्सा. संपलं.

या दोन तृतीयांशावर माझा फार जीव आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघतं, नवीन काही पाठ करावं लागत नाही.

मिडपॉइंट रूल घ्या. यात पट्टीची उंची कडांना न मोजता मध्यावर मोजतात आणि साधा आयत करतात. मुलांना वाटतं, तिरक्या माथ्याचा समलंब चौकोन हुशार आणि सपाट माथ्याचा आयत ढोबळ. आकडे मात्र उलटं सांगतात. चार पट्ट्यांना मिडपॉइंटचं उत्तर ०.६९१२२०, त्रुटी ०.००१९२७, ट्रॅपेझॉइडलच्या जवळपास निम्मी आणि विरुद्ध दिशेची. कारण असं की आयताचा सपाट माथा मध्यबिंदूपाशी धरून तिरका केला तर तराजूच्या दांडीसारखी एक बाजू जितकी वर जाते तितकीच दुसरी खाली येते, क्षेत्रफळ बदलत नाही. त्याला वक्राच्या स्पर्शिकेइतका तिरका करा. म्हणजे आयत हा खरं तर स्पर्शिकेच्या माथ्याचा समलंब चौकोन आहे आणि तो वक्राला खालून टेकतो. आता दोन्ही नियमांमधलं अंतर म्हणजे रुंदी गुणिले झोळ. त्यातला दोन तृतीयांश भाग दोरीच्या बाजूला, तर उरलेला एक तृतीयांश मिडपॉइंटच्या बाजूला. खरं उत्तर या दोघांमधे एकास दोन अशा जागी बसलेलं आहे.

जागा कळली की तिथे जाऊन बसायचं. मिडपॉइंटचं उत्तर दोनदा, ट्रॅपेझॉइडलचं एकदा, बेरजेला तीनने भागा. ०.६९१२२० आणि ०.६९७०२४ यांतून ०.६९३१५५ मिळतं, पाच दशांशस्थळं बरोबर. दोन ढोबळ उत्तरांमधून एक नेटकं उत्तर. यालाच सिम्पसनचा नियम म्हणतात. एका जोडपट्टीसाठी लिहिलं तर दोन टोकांच्या उंच्या, अधिक मधल्या उंचीची चौपट, सगळ्याला सहाने भागून रुंदीने गुणायचं. थॉमस सिम्पसन १७१० साली जन्मला. योहानेस केप्लरने दारूच्या पिंपांचं आकारमान काढायला हाच हिशेब १६१५ मध्ये वापरला होता, म्हणून जर्मनीत हा नियम अजूनही केप्लरच्या पिंपाच्या नावाने ओळखला जातो. यात रुंदी निम्मी केली की त्रुटी सोळावा हिस्सा होते. आपल्या उदाहरणात २, ४ आणि ८ पट्ट्यांना त्रुटी ०.००१२९७, ०.०००१०७ आणि ०.०००००७ (मधल्या उंचीमुळे आधीच्या एकेका पट्टीच्या इथे दोन होतात, म्हणून वरचं ०.६९३१५५ हे आठ पट्ट्यांचं उत्तर). सोळाचा भागाकार लगेच येत नाही, आधी बारा, मग साडेचौदा, पण रोख स्पष्ट दिसतो.

इथपर्यंत आलो की वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारते, "काकू, पण त्रुटी काढायला तुम्ही खरं उत्तर वापरलंत. ते ठाऊकच असेल तर एवढा खटाटोप कशाला?"

अगं, म्हणूनच तर पुढचं बघ.

विश्वामित्रीला पूर आला की बडोद्यात सगळ्यांच्या तोंडी काळा घोडाच्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हा आकडा असतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर लोक सारखा मोबाइल उघडून तोच बघत होते. पण फूट म्हणजे फक्त उंची. सेकंदाला किती पाणी जातंय हे हवं असेल तर पात्राच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ लागतं आणि त्याला पाण्याच्या वेगाने गुणावं लागतं. नदीच्या तळाला सूत्र नसतं. मगरींच्या या नदीत कुणी उतरूनही मोजणार नाही. पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडून ठराविक अंतरावर खोली घ्यायची, एवढंच हाती असतं.

समजा पात्र २४ मीटर रुंद आहे आणि दर ४ मीटरवर खोली मिळाली: ०, १.२, २.१, २.६, २.३, १.४, ०. (हे आकडे वर्गासाठी रचलेले आहेत, नदीचे नाहीत.) आधी एकाआड एक आकडे सोडून ८ मीटरच्या पट्ट्या घेऊ: ट्रॅपेझॉइडलने ३५.२ चौरस मीटर. मग सगळे आकडे घेऊन ४ मीटरच्या पट्ट्या: ३८.४. दोन उत्तरांत फरक ३.२.

खरं क्षेत्रफळ कुणालाच माहीत नाही. पण शिस्त माहीत आहे. जाड पट्ट्यांची त्रुटी बारीक पट्ट्यांच्या चौपट. म्हणजे जाड उत्तरापासून बारीक उत्तरापर्यंत आलो तेव्हा चार भागांपैकी तीन भाग अंतर कापून झालं, एक भाग बाकी आहे. कापलेलं अंतर ३.२, तर बाकी त्याच्या एक तृतीयांश, साधारण १.०७. खरं उत्तर माहीत नसताना चूक मोजायची ती अशी. तीच बाकी ३८.४ मध्ये मिळवली तर ३९.४७. आणि त्याच सात आकड्यांवर सिम्पसनचा नियम लावून बघा: ३९.४७. तोच नियम दुसऱ्या दाराने आला.

या तृतीयांशाचा ताळा लॉगच्या उदाहरणावर घेता येतो. ४ आणि ८ पट्ट्यांच्या उत्तरांत फरक ०.००२९०२, त्याचा तिसरा हिस्सा ०.०००९६७. खरी त्रुटी ०.०००९७५. मुलांनी हे स्वतः केलं की त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसतो, सूत्र पाठ करून तो येत नाही. विसाव्या शतकात रिचर्डसन आणि रॉम्बर्ग यांनी या युक्तीच्या पायऱ्या रचून फार अचूक पद्धती उभ्या केल्या, पण मूळ एवढंच आहे.

चुकीचा आकार ओळखून ती वजा करण्याची ही दृष्टी आपल्याकडेही होती, आणि ती वर्गात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चौदाव्या शतकात केरळात माधव या गणितज्ञांनी पाय (π) साठी श्रेणी दिली: १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७, असं पुढे, आणि सगळ्याला चारने गुणायचं. ही श्रेणी इतकी मंद आहे की पाच पदांनंतर उत्तर ३.३३९६८३, पहिलं दशांशस्थळही चुकीचं. पण त्या परंपरेने श्रेणी जिथे तोडली तिथे उरलेल्या शेपटासाठी दुरुस्तीचं पदही दिलं. पाच पदांनंतरची ती दुरुस्ती ५/१०१ च्या चौपट, म्हणजे ०.१९८०२०. ती वजा करा: ३.१४१६६३. खऱ्या पायपासून सात लक्षांशांचं अंतर. पदं वाढवत बसण्याऐवजी त्रुटीचा विचार केला आणि पाचच पदांत हे साधलं.

आता पुस्तकातल्या त्रुटीच्या सूत्राकडे वळू, कारण परीक्षेत तेच विचारतात आणि त्याचा अर्थ बहुतेक वह्यांमध्ये चुकतो. ते सूत्र त्रुटी किती आहे ते सांगत नाही. त्रुटी याहून जास्त नाही, एवढीच हमी देतं. १ भागिले क्ष चं दुसरं डेरिव्हेटिव्ह १ पाशी २ असतं आणि २ पाशी पाव. सूत्रात आपण सगळीकडे सगळ्यात मोठी किंमत, म्हणजे २, धरतो. चार पट्ट्यांना हमी निघते ०.०१०४, खरी त्रुटी ०.००३९. सगळ्यात लहान किंमत धरली तर ०.००१३. त्रुटी या दोघांच्या मधे आहे, जशी असायला हवी. चार दशांशस्थळं खात्रीने हवी असतील, म्हणजे त्रुटी ०.००००५ च्या आत, तर हमीच्या हिशेबाने ट्रॅपेझॉइडलला ५८ पट्ट्या लागतात. प्रत्यक्षात ३६ पुरतात. सिम्पसनला मात्र हमीनेच ८ पट्ट्या पुरतात. हमी ही घाबरट असते, आणि पूल बांधणाऱ्याला ती तशीच हवी असते. वहीत "त्रुटी ०.०१०४ आहे" असं वाक्य दिसलं की मी ते खोडून "०.०१०४ पेक्षा जास्त नाही" असं लिहून घेते. हा फरक लहान नाही.

शिस्त मोडते तेही दाखवायला हवं, नाहीतर मुलं एक तृतीयांश आंधळेपणाने वापरू लागतात. क्ष चं वर्गमूळ, ० ते १, उत्तर २/३. एक, दोन, चार, आठ पट्ट्या: ०.५०००००, ०.६०३५५३, ०.६४३२८३, ०.६५८१३०. शेजारच्या उत्तरांमधले फरक ०.१०३५५३, ०.०३९७३०, ०.०१४८४७. भागाकार २.६१ आणि २.६८. चार कुठेच नाही. सिम्पसनलाही इथे सोळा मिळत नाहीत, तोही पावणेतीनच्या आसपास रेंगाळतो. कारण ० पाशी हा वक्र उभाच्या उभा चढतो, तिथे झोळ पॅराबोलासारखा नसतोच, आर्किमिडीजचा आधार सुटतो. यातली मोलाची गोष्ट ही की बिघाड ओळखायला खरं उत्तर लागलं नाही, फक्त फरकांचा भागाकार लागला. लॉगच्या उदाहरणात तोच भागाकार ३.६८ आणि ३.९० होता. म्हणून माझा आग्रह असतो: उत्तर दोनदा काढून थांबू नका, तीनदा काढा, भागाकार बघा आणि चारच्या जवळ असेल तरच तृतीयांशावर विसंबा. नसेल तर इलाज शोधा. इथे क्ष च्या जागी एखाद्या चलाचा वर्ग घातला की वर्गमूळ नाहीसं होतं आणि सिम्पसन अचूक उत्तर देतो.

राउंडिंगबद्दल थोडक्यात. मधल्या पायऱ्यांवर दोनच दशांश ठेवण्याची सवय फार महाग पडते. लॉगच्या आठ पट्ट्यांत प्रत्येक उंची दोन दशांशांवर आणली तर उत्तर ०.६९५ येतं आणि त्रुटी जवळपास दुप्पट होते. पट्ट्या वाढवून कमावलेलं सगळं पेनाच्या टोकावर गेलं. राउंडिंग शेवटी, एकदाच.

नदीचा अर्धा हिशेब अजून राहिला आहे, वेगाचा. पाणी पृष्ठभागाजवळ वेगाने आणि तळाशी हळू वाहतं, म्हणून एका उभ्या रेषेवरचा सरासरी वेग हेसुद्धा एक इंटिग्रेशनच. नदी मोजणाऱ्यांचा शिरस्ता असा की पृष्ठभागापासून खोलीच्या ०.२ आणि ०.८ पट अंतरावर वेग मोजणारा मीटर धरायचा आणि दोन वेगांची सरासरी घ्यायची. पाणी उथळ असेल तर एकदाच, ०.६ वर. हे मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या जुन्या कलाभवनात शिकणाऱ्या मुलांना सांगते, तेव्हा ती विचारतात, टोकांना का नाही मोजत? उत्तर गाउसच्या १८१४ च्या कामात आहे. त्याने पट्ट्यांच्या जागा सारख्या अंतरावर ठेवायचा हट्टच सोडला. दोनच मापं घ्यायची मुभा असेल तर ती कुठे घ्यावीत? ० ते १ या लांबीवर ०.२११ आणि ०.७८९ वर. तिथे घेतलेल्या दोन मापांची सरासरी तिसऱ्या घातापर्यंतच्या प्रत्येक बहुपदीला अचूक असते, आणि सिम्पसनला त्यासाठी तीन मापं लागतात. नदीवरचे ०.२ आणि ०.८ गाउसच्या जागांना जवळजवळ चिकटून आहेत. लॉगच्या उदाहरणावर करून बघा: १.२११ आणि १.७८९ या जागा पूर्ण अचूक धरून १ भागिले क्ष ची सरासरी काढली तर बरोबर ९/१३ येते, ०.६९२३०८. दोन मापांत त्रुटी ०.०००८, सिम्पसनची तीन मापांत ०.००१३.

आणि हे सगळं झाल्यावर दोरीकडे परत बघावं लागतं. पुलावरून सोडलेल्या दोरीवर खोली दहा सेंटीमीटर इकडेतिकडे वाचली जाणं अगदी शक्य आहे. मधल्या पाचही खोल्या एकाच बाजूला तेवढ्या चुकल्या तर क्षेत्रफळात ४ गुणिले ५ गुणिले ०.१, म्हणजे २ चौरस मीटरचा फरक पडतो. हे सगळ्यात वाईट चित्र आहे. चुका दोन्ही बाजूंनी असतील तर बरंचसं एकमेकांत वजा होतं. तरी पद्धतीची त्रुटी १ वर आली असताना ती ०.०१ वर नेण्यासाठी नियम बदलत बसण्यात अर्थ नाही. जास्त ठिकाणी दोरी सोडणं आणि ती नीट वाचणं याचा उपयोग जास्त. नदीमापनाच्या रोजच्या कामात खोल्यांवर साधे आयतच वापरतात, सिम्पसन नाही, त्याचंही एक कारण हेच: तळ दगडगोट्यांचा, पॅराबोलाचा नव्हे.

म्हणून या गणिताचं उत्तर मी वहीत "३९.४६६७ चौरस मीटर" असं स्वीकारत नाही. मुलांनी असं लिहावं अशी माझी अपेक्षा असते: क्षेत्रफळ सुमारे ३९ चौरस मीटर, ट्रॅपेझॉइडलची त्रुटी साधारण १, ती दुरुस्त केली आहे, खोलीच्या मोजमापामुळे उत्तर जास्तीत जास्त सुमारे २ ने इकडेतिकडे होऊ शकतं, तळाला मधे कुठे अचानक खड्डा असेल तर त्याची खबर या सात आकड्यांत नाही.